वाचकांचे प्रश्न : विकिपीडियाची राखण

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की, रात्री जेवणं आवरली की मी मराठी विकिपीडियावर दिवसभरात कुणी काय बदललं ते बघत बसते आणि खोडसाळपणा दिसला तर उलटवते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनीच सुचवलं, या वेळचं सदर त्यालाच देऊन टाका. तेव्हा सातबारा, वारसनोंदी आणि बांधावरचे तंटे पुढच्या अंकात. देवगडात लोक मला निवृत्त मंडळ अधिकारी म्हणून त्याच विषयांसाठी ओळखतात, पण हा विषयही त्यापासून फार लांबचा नाही.

ताई, विकिपीडियावर कोणीही काहीही लिहू शकतो म्हणतात. मग तुम्ही नेमकं तपासता काय आणि कसं?
– एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

म्हणतात ते बरोबर आहे. कोणीही लिहू शकतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आता त्यावर लाखाच्या आसपास लेख आहेत, आणि त्या मानाने रोज राबणारी माणसं थोडी. राखण करायची तर तिथलं 'अलीकडील बदल' नावाचं पान उघडायचं. सगळ्या लेखांत होणारे बदल तिथे एकाखाली एक येत राहतात. लेखाचं नाव, वेळ, बदलणाऱ्याचं नाव, त्याने दिलं असेल तर कारण, आणि कंसात एक आकडा.

माझी नोकरी फेरफार तपासण्यात गेली, त्यामुळे हे पान मला लगेच ओळखीचं वाटलं. गाव नमुना सहामध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद क्रमाने राहते, सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस करतात पण ते पुसत नाहीत. इथेही लेखाच्या डोक्यावर 'इतिहास पहा' असतं, तिथे पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक आवृत्ती मिळते. फरक एवढाच की आमच्याकडे नोंद मंजूर व्हायच्या आधी नोटीस निघते, हरकतीला मुदत असते. इथे नोंद आधी अमलात येते आणि हरकत मागाहून, तीही कुणाच्या लक्षात आलं तरच.

आता तो कंसातला आकडा. लेख किती बाइटने (बाइट म्हणजे संगणकात मजकूर मोजायचं माप) वाढला किंवा घटला ते तो सांगतो. वाढ हिरवी, घट लाल, बदल पाचशेच्या वर गेला की ठळक. नवीन माणूस ठळक लाल आकड्यांच्या मागे लागतो. कुणी अख्खं पान रिकामं केलं असेल तर ते तसं दिसतंच, आणि बहुतेकदा तुझ्या आधी कुणीतरी पोचलेलं असतं. तू बारीक आकडे बघ. देवनागरीत एक अक्षर, एक काना, एक वेलांटी प्रत्येकी ३ बाइट खाते. 'मालवण' म्हणजे १५. कुणी मित्राचं नाव घुसडलं की वीस-तीसच्या घरातला हिरवा आकडा येतो. उणे आठ दिसलं तर बहुधा कुणीतरी देवनागरीतलं साल रोमन आकड्यांत केलंय: चार आकडे, प्रत्येकी दोन बाइट कमी.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती शून्याची. सिंधुदुर्गाच्या बांधकामाची सुरुवात १६६४ ची. कुणी त्याचं १६४६ केलं, तर अक्षरं तेवढीच, बाइट तेवढेच. शिवी वाचणाऱ्याला दिसते, तो हसतो किंवा चिडतो, पण फसत नाही. चुकीचं साल मात्र सरळ कुणाच्या तरी प्रकल्पाच्या वहीत जातं, तिथून एखाद्या स्मरणिकेत, आणि पुढे तीच स्मरणिका संदर्भ म्हणून आपल्यापुढे येते.

आणि आकडा विचित्र दिसतो म्हणून तो खोटा, असंही धरून चालत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या कुणीतरी ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ केली होती. राखण करणाऱ्या दुसऱ्या एकाने ती लगेच उलटवली. लोकसंख्या कमी कशी होईल! पण झाली होती. पहिला आकडा २००१ च्या जनगणनेचा, दुसरा २०११ चा. रत्नागिरीचीही त्या दहा वर्षांत घटली. चाकरमान्यांच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या रत्नागिरीत २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा पाहून लांबचा माणूस टंकनाची चूक समजून तो 'सुधारेल', अगदी चांगल्या मनाने.

म्हणून माझी पद्धत अशी: आधी फरक उघडायचा, जुनं डावीकडे, नवं उजवीकडे, शब्द न् शब्द वाचायचा. बदल कुणी केला ते नंतर बघायचं. नाव आधी पाहिलं की मत आधीच तयार होतं.

शिव्या वाचून राग येत नाही का? आणि हे काम यंत्राला का देऊन टाकत नाहीत?
– कुडाळहून एक वाचक

राग येत नाही, कंटाळा येतो. शिव्यांत नावीन्य फार कमी असतं. त्यांची वेळही ठरलेली. शाळा सुटल्यावर, परीक्षा आटपल्यावर, आणि भारत सामना हरला की ज्याच्या हातून झेल सुटला त्या बिचाऱ्याच्या लेखावर.

यंत्रं आहेत. इंग्रजी विकिपीडियावर 'क्लूबॉट एनजी' नावाचा सांगकाम्या, म्हणजे आपोआप चालणारा संगणकीय कार्यक्रम, २०१० पासून राबतोय. तो बदल तपासतो आणि उत्पात वाटला तर काही सेकंदांत उलटवतो. पण तो शिकला कसा? माणसांनी बसून बदलांचे ढीगच्या ढीग तपासले, हा उत्पात, हा नव्हे, असं लिहून दिलं, त्यावरून. मराठीसाठी तेवढी माणसं बसवायची कुठून? आपल्याकडे 'संपादन गाळणी' असते. ती ठरावीक शब्द, एकच अक्षर चाळीसदा दाबलेलं, असल्या गोष्टी पकडते.

गाळणीला मालवणी शिकवायची म्हटलं तर मोठी पंचाईत. आमच्याकडे आजी नातवाला ज्या शब्दाने जवळ घेते तो शब्द पुण्यात कुणी उच्चारला तर मारामारी होईल. तो गाळणीत घालावा की नाही? कुडाळकरांनीच कळवावं. शिवाय 'आद्य', 'एकमेव', 'थोर', 'ज्यांना इतिहासाने न्याय दिला नाही' हे शब्द कुठल्याच गाळणीत अडकत नाहीत, आणि लेखाची नासाडी मी यांच्यामुळे जास्त झालेली पाहते.

मी विजयदुर्गचा. 'याच किल्ल्यावरून १८६८ साली लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला' हे वाक्य मी लेखात दोनदा घातलं, दोनदा काढलं गेलं. सोबत कात्रणं जोडली आहेत. आमच्या गावाचा अभिमान म्हणजे उत्पात का?

नाही, उत्पात मुळीच नाही. तुम्ही नाव लावून लिहिलंत, लपूनछपून नाही, आणि तुम्हाला ते खरं वाटत होतं. ज्याने एका अक्षराचं कारण न देता ते 'द्रुतमाघार' (एका टिचकीत बदल उलटवायची सोय) दाबून उडवलं त्याने चूक केली. द्रुतमाघार उघड खोडीसाठी असते. तुमच्यासारख्यांशी बोलायचं असतं, आणि त्यासाठीच प्रत्येक लेखामागे 'चर्चा' पान दिलेलं आहे.

पण ते वाक्य लेखात राहू शकत नाही, तेही सांगते. माझं माहेर विजयदुर्गाच्या खाडीकाठचं, तेव्हा मला शत्रू समजू नका.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. त्या दिवशी फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जान्सन होता तो गुंटूरला, म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशात. सूर्याच्या कडेवर ज्या ज्वाळा दिसतात त्यांचा वर्णपट त्याने पाहिला आणि त्याच्या ध्यानात आलं की हे ग्रहणाशिवायही पाहता येईल. नॉर्मन लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हताच, इंग्लंडात होता. त्याने स्वतंत्रपणे, २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना तिकडूनच तो वर्णपट पाहिला. त्यात सोडियमच्या रेषांजवळ एक पिवळी रेषा होती आणि ती सोडियमची नव्हती. त्या अनोळखी मूलद्रव्याचं नाव पुढे हेलियम पडलं. पृथ्वीवर ते हाती आलं १८९५ मध्ये, विल्यम रॅम्सी याच्या प्रयोगशाळेत.

मग विजयदुर्गाचा काहीच संबंध नाही? आहे की! आणि तो उसना घ्यावा लागत नाही. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण झालं, तेव्हा हाच लॉकियर आपली तुकडी घेऊन विजयदुर्गाला आला होता. 'मेल्पोमीन' या ब्रिटिश युद्धनौकेवरची माणसं त्याच्या हाताखाली उपकरणं सांभाळायला होती. म्हणजे माणूस खरा, जागा खरी, ग्रहणही खरं. तीस वर्षांचं अंतर गावाच्या आठवणीत पुसलं गेलं आणि दोन ग्रहणांचं एक झालं. तोंडी इतिहासात असं होतं, त्यात गावाला दोष देण्यासारखं काही नाही.

आता तुमची कात्रणं. मी सगळी वाचली. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियमचा दिवस साजरा होतो, एवढं ती नक्की सांगतात, आणि त्या गोष्टीला ती उत्तम पुरावा आहेत. १८६८ ला तिथे कोण होतं याचा पुरावा ती होऊ शकत नाहीत, कारण ती सगळी गेल्या काही वर्षांतली आणि एकमेकांवरून उतरवलेली दिसतात. दोन कात्रणांत तर विरामचिन्हांसकट एकच परिच्छेद आहे.

किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलेत. माझ्या मते ते १८९८ च्या उपकरणांचे असावेत. पण 'माझ्या मते' हे विकिपीडियावर चालत नाही, मी मंडळ अधिकारी असले तरी नाही. कुठेतरी छापलेलं दाखवावं लागतं. लॉकियरच्या मोहिमेचा अहवाल आणि त्या वेळची इंग्रजी नियतकालिकं चाळली तर कदाचित तेही मिळेल, आणि ते शोधायला विजयदुर्गच्या माणसाइतका लायक कोण!

तोवर लेखात दोन वाक्यं घाला. एक: १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इथे निरीक्षणासाठी आला होता. दुसरं: हेलियमचा शोध इथून लागला अशी स्थानिक समजूत असून १८ ऑगस्टला तो दिवस साजरा होतो, मात्र शोधाशी संबंधित १८६८ ची निरीक्षणं गुंटूर आणि इंग्लंड इथली आहेत. कारणाच्या चौकटीत 'चर्चा पान पाहा' असं लिहा. ही दोन वाक्यं कुणी उडवली तर मला कळवा.

आमच्या शाळेतल्या संगणकावरून मुलांनी गावाच्या लेखात एकमेकांची नावं 'प्रसिद्ध व्यक्ती' म्हणून घातली. आता शाळेतून कुणालाच संपादन करता येत नाही. मुलांना काय शिक्षा करावी?
– एक शिक्षक, वेंगुर्ला

शिक्षा कसली, सर! सातवीतल्या मुलाला आपण प्रसिद्ध आहोत असं वाटलं तर बिघडलं काय?

शाळेतले सगळे संगणक बाहेर बहुधा एकाच अंकपत्त्याने (आयपी अ‍ॅड्रेसने) दिसतात. प्रचालकाने, म्हणजे विकिपीडियावर जादा अधिकार असलेल्या सदस्याने, त्या पत्त्यावर प्रतिबंध घातला की मुख्याध्यापकांपासून सगळेच बाहेर. असे प्रतिबंध सहसा थोड्या मुदतीचे असतात, उठतात. आता बऱ्याच विकिपीडियांवर खातं नसलेल्याचा अंकपत्ता उघड दिसत नाही, त्याच्या नावे एक तात्पुरतं खातं तयार होतं आणि ९० दिवसांनी संपतं, पण प्रचालकाला लागलं तर मागचा पत्ता बघता येतो. मुलांना तुमच्या देखरेखीखाली खाती काढून द्या आणि 'धूळपाटी' दाखवा. तिथे हवं ते गिरवावं, कुणी रागावत नाही. मग वेंगुर्ल्याच्या लेखात ज्या वाक्याला संदर्भ नाही असं एकेक वाक्य एकेका मुलाला द्या आणि पुस्तकात शोधून आणायला सांगा. खोडी काढणारा मुलगा या कामात फार तरबेज निघतो, हा माझा अनुभव आहे.

खोटी माहिती विकिपीडियावर किती काळ टिकू शकते?
– बांद्याहून एक वाचक

पाच वर्षांहून जास्त. आणि ती गोष्ट तुमच्या शेजारचीच आहे.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा लेख तयार झाला. बिचोलिम म्हणजे आपली डिचोली. १६४०-४१ मध्ये तिथे पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध पेटलं आणि शेवटी तह झाला, असं त्यात होतं. लेख ऐसपैस, भाषा जड, खाली ग्रंथांची नावं. सप्टेंबर २००७ मध्ये त्याला 'चांगला लेख' हा दर्जाही मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने संदर्भ तपासायला घेतले तर ते ग्रंथच अस्तित्वात नव्हते. युद्धही नव्हतं. लेख काढून टाकला, पण तोवर त्याच्या नकला दुसरीकडे पोचल्या होत्या.

चौथीच्या मुलाच्या हाती तो लेख दिला असता तर त्याने पहिल्याच ओळीला हात वर केला असता. महाराजांचा जन्म १६३० चा. १६४० मध्ये ते दहा वर्षांचे, मराठा साम्राज्य आलं कुठून? आणि डिचोली पोर्तुगीजांकडे गेली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, 'नव्या काबिजादीं'मध्ये, म्हणजे पोर्तुगीजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखात, हे बांद्या-डिचोलीकडच्या कुणाही जाणत्या माणसाने सांगितलं असतं. पण तो लेख तपासणाऱ्यांनी तळटीपा आहेत का ते पाहिलं, परिच्छेद नीट आहेत का ते पाहिलं. पुस्तक उघडून पाहिलं नाही.

तेव्हापासून तळटीपा जास्त दिसल्या की मी उलट सावध होते. त्यातली एक निवडते. पुस्तक आहे का, प्रकाशक कोण, ग्रंथालयाच्या सूचीत सापडतं का, पान क्रमांक दिलाय का, आणि त्या पानावर खरंच ते लिहिलंय का. शेवटचा टप्पा बरेच जण गाळतात. तालुक्याच्या वाचनालयात जावं लागतं ना! सावंतवाडी, मालवण, रत्नागिरी इथली जुनी वाचनालयं या कामाला इतकी उपयोगी आहेत, आणि तिथले कर्मचारी कुणी पुस्तक मागितलं की इतके खूश होतात, की नेटवर शोधण्यापेक्षा मला ते बरं वाटतं.

शिवकालीन आरमाराच्या लेखातून कोणी एका समाजाचं नाव सारखं काढतं, कोणी दुसऱ्या समाजाचं सारखं घालतं. तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?
– मालवणहून, नाव छापू नये

कुणाच्याच नाही. आणि खरं सांगते, या कामातला हा भाग मला आवडत नाही. शिवी उलटवली की विषय संपतो. इथे विषय संपतच नाही.

आरमारात कोण होतं? गाबीत होते, भंडारी होते, कोळी, खारवी, दालदी होते. किनाऱ्यावर जो जो समुद्र जाणत होता तो होता. सभासदाच्या बखरीत आरमाराच्या सुभेदारांत दर्यासारंग आणि मायनाक भंडारी ही दोन्ही नावं येतात. १६७९ च्या खांदेरीच्या प्रकरणात मायनाक भंडारी आहे आणि दौलतखानही आहे. आता लेखात काय चालतं? एक जण येऊन दर्यासारंग आणि दौलतखान गाळतो. दुसरा येऊन मायनाकाच्या नावाआधी तीन विशेषणं लावतो. तिसरा दोघांनाही ढकलून आपल्या आडनावाचा एक सरदार घुसवतो, ज्याचा उल्लेख कुठल्याच कागदात नाही. प्रत्येकाची कळकळ खरी, आणि प्रत्येकजण दुसऱ्याला उत्पाती म्हणतो.

गाळणं ओळखणं सर्वांत कठीण. घुसवलेलं नाव डोळ्यांत खुपतं, गाळलेलं नाव कुणाला दिसत नाही, कारण उरलेलं वाक्य व्यवस्थित वाचता येतं. शिवाय असा माणूस खात्यातून येतो, बदलाला 'छोटा बदल' अशी खूण करतो आणि कारणात लिहितो 'शुद्धलेखन'. 'छो' आणि 'शुद्धलेखन' असं लिहून उणे साठ बाइट असतील तर तो फरक मी उघडतेच.

भांडण सुरू झालं की मात्र उलटवत बसायचं नाही. इंग्रजी विकिपीडियावर नियमच आहे: एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर तुम्हालाच प्रतिबंध होऊ शकतो, तुमचं बरोबर असलं तरी. मी दोनदा उलटवलं की थांबते. चर्चा पानावर बखरीचा उतारा पान क्रमांकासह लिहून ठेवते आणि चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, प्रचालकांना सांगते. ते पानाला थोडे दिवस कुलूप लावतात, म्हणजे नव्या खात्यांना बदल करता येत नाही. कुलूप ज्या आवृत्तीवर लागतं ती दोन्ही बाजूंना चुकीची वाटते, आणि दोन्हीकडून मला संदेश येतात. एकाने तर माझं स्वतःचं आडनाव कोणतं, त्यावरून मी कुणाची, असं विचारलं. सासरचं सांगू की माहेरचं, असं मी उलट विचारलं, तेव्हापासून तो गप्प आहे.

तारकर्लीच्या लेखात मी माझ्या घरगुती निवासाचा फोन नंबर आणि दर घातले, ते काढले. पर्यटन वाढवणं गुन्हा आहे का?

गुन्हा नाही, पण ती जाहिरात आहे आणि तिची जागा वेगळी. तुमचा नंबर ठेवला तर शेजारच्याचाही ठेवावा लागेल, आणि तारकर्लीत शेजारी किती आहेत ते तुम्ही जाणता. दर तर पुढच्या हंगामात बदलणारच. त्याऐवजी तुमच्या अंगणातून कर्ली नदीचा समुद्राशी होणारा संगम दिसत असेल तर त्याचे स्वतः काढलेले चांगले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामाईक कोठारात, चढवा. ते टिकतील.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या लेखात कुणीतरी गंभीर आरोप लिहिले आहेत. संदर्भ काहीच नाही. 'संदर्भ हवा' असा साचा (तयार सूचनेची पट्टी) लावू का?
– चिपळूण

साचा लावत बसू नका, सरळ काढा. हयात व्यक्तीबद्दल बदनामीकारक मजकूर आणि संदर्भ नाही, तर वाट बघायची नसते. मग ती व्यक्ती तुम्हाला आवडो वा न आवडो. (आवडत नसेल तर जास्त तत्परतेने काढा, हा माझा स्वतःपुरता नियम.)

यामागे एक प्रकरण आहे. जॉन सीगेनथॅलर हे अमेरिकेतले जुने पत्रकार, एके काळी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक. मे २००५ मध्ये कुणीतरी त्यांच्या लेखात लिहिलं की दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा संशय होता. लिहिणाऱ्याने गंमत म्हणून लिहिलं होतं. ते चार महिन्यांहून अधिक काळ तसंच राहिलं. सीगेनथॅलर यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून वाचा फोडली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवीन लेख सुरू करायला मनाई केली.

मजकूर काढल्यावर चर्चा पानावर तो पुन्हा उतरवू नका, तिथेही तो बदनामीच करतो. संदर्भ नसल्याने काढला, एवढंच लिहा.

मी नुकताच निवृत्त झालो. मलाही हे करावंसं वाटतं. सुरुवात कशी करू? इंग्रजी बेताचंच आहे.
– मुरूड, ता. दापोली

इंग्रजी लागत नाही. मोबाइलवरूनही जमतं, पण दोन आवृत्त्यांतला फरक वाचायला संगणक बरा, डोळ्यांना त्रास कमी. खातं काढा. आपल्या माहितीतली पानं उघडून त्यांवर 'लक्ष ठेवा' दाबा, म्हणजे ती तुमच्या निरीक्षणसूचीत येतील आणि त्यांत काही हललं की तुम्हाला दिसेल. सगळ्या विकिपीडियाची काळजी करू नका, दापोली तालुका पुरे. सुरुवातीला काही दिवस नुसतं वाचा. उलटवलंत तर कारण मराठीत, पूर्ण वाक्यात लिहा. 'चुकीचे' एवढंच लिहिलेलं कारण वाचून समोरचा चिडतोच.

तुमच्या गावाचं म्हणून पहिलं पान सुचवते: धोंडो केशव कर्वे. अण्णासाहेब कर्व्यांचं गाव मुरूड, सगळं बालपण तिथलं, पण जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, त्यांच्या आजोळचा. चांगल्या मनाने कुणीतरी शेरवली खोडून मुरूड करतो, मग तिसरा येऊन त्या मुरूडला जंजिऱ्याच्या मुरूडचा दुवा जोडतो, आणि अण्णासाहेब रायगड जिल्ह्यात जन्मतात. पहिला बदल करणारा बहुधा तुमचाच गाववाला असेल. त्याला समजावणं मला जमणार नाही, तुम्हाला जमेल.